दर उन्हाळ्यात थंड खाऱ्या पाण्याची टाकी का ढेपाळते? आधी उष्णतेचा हिशोब, मग चिलर

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. इंग्लंड-वेल्सच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांत जी डबकी उरतात, त्यांतले प्राणी घरच्या साठ लिटरच्या टाकीत ठेवलेले असतात. लाल बीडलेट जातीची समुद्रफुलं (सी ॲनिमोन), तीन-चार कोळंब्या, एखादा शॅनी मासा, पेरिविंकल गोगलगायी. ऑक्टोबर ते मे सगळं सुरळीत. जूनअखेरीस चार दिवस कडक ऊन पडलं की पाणी दुधाळ होतं, कोळंब्या वर पृष्ठभागाशी गोळा होतात, समुद्रफुलं मिटून लाल जेलीच्या गोळ्यांसारखी बसून राहतात, आणि सकाळी काहीतरी मेलेलं सापडतं. निम्मं पाणी बदललं की दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वैतागून चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, आणला जातो. पुढच्या जुलैत चिलर अखंड घरघरत असतो, आणि पाणी तरीही २१ अंशांवर!

दुखणं दरवर्षी परत येतं, कारण टाकीत किती उष्णता शिरते हे कोणी मोजलेलंच नसतं. मोजायला एक चांगला थर्मामीटर आणि दोन तास पुरतात. ते खाली सविस्तर आहे. पण टाकीची हालत आत्ताच वाईट असेल, तर आधी हे करा.

आज रात्रीपुरतं

खाणं बंद, दिवा बंद. हवेचा पंप आणि एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावा. शक्य असल्यास पंपाचं तोंड वर वळवा, म्हणजे पृष्ठभाग सतत हलता राहील. पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर किचन पेपर अलगद टेकवून ती काढून घ्या, कारण तिच्याखाली हवा नीट विरघळत नाही. मग मेलेलं काय आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो शिंपला असतो. दगडाच्या मागे तोंड उघडून पडलेला, बोट लावलं तरी न मिटणारा एक मेलेला शिंपला साठ लिटर पाणी एका रात्रीत नासवतो.

थंडाव्यासाठी फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या सोडा. सुटा बर्फ टाकू नका, तो गोडा असतो आणि खारटपणा खाली ओढतो. बाटली काठोकाठ भरू नका, बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. एक लिटरची बाटली एवढ्या टाकीला जेमतेम पावणेदोन अंश खाली आणते, आणि उकाड्याच्या दिवशी तिचा गारवा दीड तासात संपतो. एकदम चार बाटल्या टाकण्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या बाटल्या आळीपाळीने सोडा आणि तासाला एक अंशाच्या आसपास उतरू द्या. रात्रभर कोणी उठून बाटल्या बदलत बसत नाही, त्यामुळे एअर स्टोन बाटल्यांपेक्षा महत्त्वाचा.

प्राणी मरतात ते कशाने

नुसत्या उष्णतेने क्वचितच. बीडलेट समुद्रफूल ओहोटीला उन्हात उघडं पडतं, डबक्यातलं पाणी दुपारी वीस अंशांच्या वर जातं, ते सगळं त्याला सवयीचं असतं. पण तिथे काही तासांत भरती येते आणि थंड, हवा खेळलेलं पाणी सगळं धुऊन नेते. इंग्लिश खाडीचं पाणी हिवाळ्यात ८-९ अंश आणि ऐन ऑगस्टमध्ये १६ ते १८ अंश असतं. टाकीला भरती नसते. तिथे २२ अंश म्हणजे चार दिवस, चार रात्री सलग २२ अंश.

किलोमागे ३५ ग्रॅम खारटपणाच्या पाण्यात १५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना ७.४ आणि २५ अंशांना ६.७. ही घट बेताची वाटते. पण थंड रक्ताच्या प्राण्यांची ऑक्सिजनची गरज दहा अंशांमागे साधारण दुपटीने वाढते, आणि बॅक्टेरियांचीही. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो. शिवाय त्याच पीएचला अमोनियाचा विषारी भागही दहा अंशांत जवळपास दुप्पट होतो. मेमध्ये निरुपद्रवी वाटलेला अमोनियाचा तोच आकडा जुलैत प्राणी मारतो.

त्रास कधी दिसतो याकडे लक्ष द्या. पहाटे कोळंब्या वर आल्या तर ऑक्सिजनची टंचाई समजा, कारण रात्री शेवाळही ऑक्सिजन खातं. संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान सगळे मलूल होत असतील, तर थेट तापमान. खाणं दिल्यावर काही तासांत पाणी दुधाळ झालं, तर खाणं जास्त होतंय. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर वाळूचा थर फार जाड आहे किंवा दगडाखाली काहीतरी कुजतंय. तीन दिवस सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता पाण्याचं आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. काचेवर बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी यासाठी निरुपयोगी आहे. ती पाणी आणि खोली यांच्या मधलंच काहीतरी दाखवते. पाण्यात बुडणारा, ०.१ अंश दाखवणारा थर्मामीटर घ्या.

एका तासाची चाचणी

६० × ३० × ३५ सेंटिमीटरची टाकी धरू. दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सुमारे ५२ लिटर. पाणी, दगड, काच मिळून ही टाकी एक अंशाने तापायला साधारण २३५ किलोज्यूल लागतात. त्यामुळे तासाभरात एक अंश चढला, तर आत सुमारे ६५ वॅट उष्णता शिरते आहे. टाकी लहान-मोठी असेल तर हा आकडा पाण्याच्या लिटरच्या प्रमाणात बदला.

पाणी तुमच्या नेहमीच्या तापमानाला, समजा १४ अंशांना असताना चिलर बंद करा. पंप चालू राहू द्या. बरोबर एका तासाने मोजा. समजा १.१ अंश चढला: आत येणारी उष्णता ७० वॅट. आता चिलर पुन्हा चालू करा आणि पुढच्या तासात किती उतरतं ते बघा. समजा ०.३ अंश उतरला: म्हणजे आत येणारे ७० वॅट उपसून वर २० वॅट. तुमच्या चिलरची त्या खोलीतली खरी ताकद ९० वॅट. खोक्यावर काय छापलंय ते विसरा. ही चाचणी गार दिवशी करून उपयोग नाही. खोली २४ अंशांच्या आसपास असताना करा.

हे ७० वॅट येतात कुठून? खोली २४ आणि पाणी १४ असताना उघड्या काचेतून दर अंशाला साडेपाच वॅट, म्हणजे जवळजवळ ५५ वॅट. बुडवलेला १० वॅटचा पंप आपली सगळी वीज शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून सोडतो. काहीही बाहेर गेलं नसतं, तर त्या एका पंपाने दिवसाला साडेतीन अंश चढवले असते. उरलेले थोडे दिव्याचे. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन थेट काचेवर येत असेल तर मात्र हे सगळे आकडे फिजूल आहेत. ते ऊन एकटंच शंभर वॅटच्या घरात जातं. आधी टाकी तिथून हलवा. उत्तरेकडची, तळमजल्यावरची खोली सगळ्यात बरी.

थर्माकोल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय

मागची काच, दोन्ही बाजू आणि तळ यांना २५ मिलिमीटर जाडीचं थर्माकोल किंवा बांधकामात वापरतात तो कडक फोमचा तक्ता लावा. दर अंशाला शिरणारी उष्णता साडेपाचावरून सुमारे २.८ वॅटवर येते. म्हणजे ५५चे २८. अडीच-तीन सेंटिमीटर फोमने निम्मं काम केलं, तेही विजेशिवाय.

तळाखाली साधं हलकं थर्माकोल घालू नका, ते दबतं. दाट, भार सोसणारा तक्ता घ्या आणि टाकी रिकामी असतानाच सरकवा. बाजूचे तक्ते काचेला घट्ट टेकले पाहिजेत. मध्ये फट राहिली की खोलीची दमट हवा तिथे शिरते, काचेवर पाणी धरतं, आणि महिनाभरात मागे काळी बुरशी. कडा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करा. वर काचेचं किंवा पॉलिकार्बोनेटचं झाकण ठेवा, पण एका कोपऱ्यात दोन बोटं फट हवी, हवेची देवाणघेवाण होण्यासाठी.

समोरची काच उघडीच राहते आणि तिलाच घाम फुटतो. खोली २४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन जमू लागते तो, १६ अंशांच्या जरा खाली असतो. पाणी १४ अंशांचं आहे, त्यामुळे काचेवर दव धरणारच, त्यात टाकीचा दोष नाही. आर्द्रता ५० टक्क्यांवर आली की दवबिंदू १३च्या आसपास जातो आणि काच कोरडी राहते. समोर १० मिलिमीटरचं ॲक्रिलिक असेल तर फरक पडतो. नसेल तर काचेच्या खालच्या कडेला पन्हाळीसारखी एक पट्टी चिकटवा आणि ओघळ बशीत सोडा. वायरींना प्लगच्या आधी खाली झोळ द्या, पाणी तिथून ठिबकू दे. जोडणी आरसीडीवरच (वीजगळती झाली की प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर) हवी, यात चालढकल नको.

पंखा कधी चालतो, कधी उलटतो

नागपूरला मे महिन्यात माठ पाणी गार करतो, कूलर खोली गार करतो. तेच मुंबईत नेलं की कूलरने फक्त चिकचिक वाढते. टाकीवर लावलेल्या पंख्याचंही नेमकं हेच गणित. तो पाण्याची वाफ करतो, आणि वाफ होताना उष्णता जाते. एक लिटर पाणी उडालं की या टाकीच्या दहा अंशांइतकी उष्णता बाहेर पडते. पण कोरड्या हवेतच.

२४ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीत पंखा पाण्याला १८ अंशांच्या खाली नेऊच शकत नाही. २३ अंशांना पोचलेल्या टाकीला तो १९-२०पर्यंत आणेल, आणि बीडलेट-शॅनीसारख्या चिवट मंडळींना तेवढ्यावर उकाड्याचा आठवडा काढता येतो. पण पाणी आधीच १४ अंशांना ठेवलेलं असेल, तर ते दवबिंदूच्याही खाली आहे. तिथे पंखा लावला की वाफ होत नाहीच, उलट खोलीतली वाफ पाण्यावर जमते आणि टाकी तापते. चिलर आणि पंखा दोन्ही एकदम लावणारे हीच चूक करतात. चिलर असेल तर झाकण बंद आणि पंखा नको. पंख्यावर भागवायचं असेल तर झाकण उघडं, आणि काचेवर मार्करने पाण्याच्या पातळीची रेघ. जेवढं उडालं तेवढं आरओचं गोडं पाणी रोज सकाळी घाला. मीठ उडत नाही, त्यामुळे भर खाऱ्या पाण्याची घातलीत की खारटपणा चढत जातो.

चिलर आहे, तरी पाणी गरम

पहिला संशय कपाटावर. चिलर पाण्यातली उष्णता आणि स्वतःची वीज, दोन्ही मिळून गरम हवा बाहेर फेकतो. टाकीखालच्या बंद कपाटात ती हवा फिरून त्याच्याच तोंडात येते. दारं उघडून तासाची चाचणी पुन्हा करा. आकडा लगेच सुधारला तर उत्तर मिळालं. चारी बाजूंनी ३० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, आणि गरम हवा शक्यतो दुसऱ्या खोलीत किंवा खिडकीकडे जाऊ द्या.

दुसरा संशय धुळीवर. जाळीमागच्या पत्र्यांवर धूळ आणि मांजराचे केस बसतात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम. तिसरा, पाण्याचा वेग. चिलरच्या पुस्तिकेत ताशी किती लिटर हवेत ते दिलेलं असतं. नळीचं तोंड चिलरनंतर बादलीत धरा आणि एक लिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. पंपाच्या जाळीत शेवाळ अडकलं की वेग निम्म्यावर येतो. वेग वाढवायला मोठा पंप मात्र बसवू नका, त्याचे जादा वॅट पुन्हा पाण्यातच. नळ्यांवर काळ्या फोमची वेटोळी चढवा, नाहीतर त्याही घाम गाळतात आणि उष्णता ओढतात.

एवढं करून ताकद कमीच निघाली, तर चिलरची जात बघा. कॉम्प्रेसर नसलेले, पेल्टिए चकतीचे (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या चकतीचे) छोटे चिलर शांत आणि स्वस्त असतात, पण तापमानातला फरक वाढेल तसे ते फार लवकर थकतात. खोलीपेक्षा तीन-चार अंश खाली ठेवायला ठीक. दहा अंश खाली ठेवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करू नका. कॉम्प्रेसरचा चिलर घेताना खोली ३२ अंशांवर जाईल असं धरा. १९ जुलै २०२२ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले, आणि तिथल्या बहुतेक घरांत एसी नसतो. ३२ आणि १४ यांतला फरक १८ अंश. थर्माकोल नसेल तर काचेतून ९९ आणि पंप-दिव्याचे १५, मिळून ११४ वॅट. थर्माकोल असेल तर ६५. त्यावर निम्मी भर घालून चिलर निवडा, आणि हॉर्सपॉवर न बघता शीतनाची ताकद वॅटमध्ये विचारा.

छोट्या फ्रिजमध्ये नळीचं वेटोळं घालून घरगुती चिलर करण्याची कल्पना दर उन्हाळ्यात कोणाला तरी सुचते. छोट्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सतत ओझं वाहायला केलेला नसतो, आणि प्लॅस्टिकची नळी उष्णता नीट पार करत नाही. प्लॅस्टिकऐवजी तांब्याची नळी वापरावी असं मग डोक्यात येतं. ती टाकीचा निकालच लावेल. कोळंब्या आणि समुद्रफुलांना तांबं फार थोड्या मात्रेतही विष आहे. खाऱ्या पाण्याच्या चिलरमध्ये टायटॅनियमची नळी असते ती याचसाठी.

पाणी बदलल्यावर दुखणं परत का येतं

बादलीत २४ अंशांना कालवलेलं दहा लिटर पाणी १४ अंशांच्या टाकीत ओतलं, की तापमान एका दमात दोन अंश चढतं. उपाय म्हणून केलेला बदलच धक्का ठरतो. नवं पाणी एक दिवस आधी कालवा: क्लोरीन काढलेल्या पाण्यात लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम मीठ, अर्थात ॲक्वेरियमचं, आणि चोवीस तास पंपाने ढवळत ठेवा. मग फ्रिजमध्ये ठेवून टाकीइतकं गार करूनच घाला. एका वेळी पाचवा हिस्सा पुरे.

खारटपणा मोजतानाही एक फसगत आहे, आणि ती थंड टाकीतच होते. काचेचा तरंगता हायड्रोमीटर बहुधा २५ अंशांसाठी आखलेला असतो. १५ अंशांचं पाणी जास्त घनतेचं असतं, त्यामुळे अगदी बरोबर ३५ खारटपणाचं पाणी त्यावर १.०२६ (गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता) ऐवजी १.०२९ दिसतं. माणूस घाबरून गोडं पाणी घालत जातो आणि खारटपणा ३१च्या आसपास आणून ठेवतो. नमुना पेल्यात घेऊन २५ अंशांना येऊ द्या, मग मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा सांगणारं साधन) असेल तर तो ३५च्या प्रमाणित द्रावणाने जुळवा, आणि थेंब ठेवल्यावर अर्धा मिनिट थांबून वाचा.

कोणाला ठेवू नये

उन्हाळ्यापूर्वी शिंपले किनाऱ्यावर परत. मात्र टाकीत दुसऱ्या ठिकाणचे प्राणी कधी आले असतील तर काहीही समुद्रात परत सोडू नका. मोठं हिरवं शेवाळ आणि केल्प (मोठं तपकिरी समुद्री शेवाळ) गरम पाण्यात विरघळून कुजतात, त्यांना आत घेऊच नका. साधा तारामासा आणि डॅलिया समुद्रफूल यांना उष्णता बीडलेटपेक्षा फार आधी लागते. चिलरची ताकद मोजून पक्की होईपर्यंत तेही नकोत. किनाऱ्याचा खेकडा उष्णतेला टिकतो, पण बाकीच्यांना टिकू देत नाही.

मुंबई-पुण्याहून कधी विचारणा होते, अशी टाकी इथे ठेवता येईल का. खोली ३२ अंश, दवबिंदू पावसाळ्यात २५ अंश. थर्माकोल लावूनही पासष्ट वॅट अखंड उपसावे लागतील, आणि समोरची काच जून ते सप्टेंबर वाहतच राहील. कोकणातल्या खडकांमधल्या डबक्यांतले प्राणी उबदार समुद्राचे, त्यांना चिलर लागत नाही. त्यांची टाकी वेगळी आणि तिच्या अडचणीही वेगळ्या.

चिलरची तासाची चाचणी मेच्या पहिल्या गरम दिवशी करा आणि आकडा टाकीच्या मागे लिहून ठेवा. जुलैत तीच चाचणी पुन्हा करून आकडा दहा-पंधरा वॅटने घसरलेला दिसला, तर आधी ब्रश घ्या.